नांदूरचं ‘हाड’

दहावीची सहल नांदूर मधमेश्वरला गेली होती, आठवतंय ना? गोदेच्या दरडीतल्या वाळू-गोट्यांच्या थरातून आपण एक ‘हाड’ उपसून काढलं. वजनाला निव्वळ दगड! कुणी म्हणालं म्हशीचं, कुणी राक्षसाचं. ते हातातून निसटलं आणि त्याच्या चपट्या चकत्या झाल्या. चौघांनी एकेक वाटून घेतली.

माझी कपाटात पडून राहिली. पुष्कळ वर्षांनी एका संग्रहालयात हत्तीची दाढ पाहिली आणि उलगडा झाला. हत्तीच्या दाढेत इनॅमलच्या चकत्या एकामागे एक उभ्या असतात आणि मधल्या फटी दंतसिमेंटने भरलेल्या असतात. म्हणूनच आपल्या ‘हाडा’चे तुकडे इतके सरळ पडले!

मग वाचायला लागलो. याच नांदूरजवळच्या गाळात मिळालेल्या हत्तीच्या अवशेषांवर गाय पिलग्रिम यांनी १९०५ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नियतकालिकात लिहिलं आहे. जात एलिफस नामाडिकस. नाव नर्मदेवरून, आजच्या हत्तीहून थोराड, आता नामशेष. आपल्याकडचा काळा कातळ लाव्ह्याचा, त्यात हत्ती कुठून येणार? ते सापडतात नदीने फार नंतर आणून टाकलेल्या गाळात.

एक चूक मात्र सलते. थर कोणता, किती खोल, हे आपण टिपलं नाही, आणि त्यावाचून वयाचा अंदाज बांधता येत नाही. उरलेल्या तीन चकत्या ज्यांच्याकडे असतील त्यांनी मेळाव्याला आणाव्यात. दरडीची नेमकी जागा कुणाला आठवत असेल, तर आधी मला गाठा.