खोपोलीने पाहिलेले दोन बायपास

गावातून हायवे जातो, बाजारपेठेत ट्रक आणि एसट्या एकमेकांसमोर अडकून पडतात आणि मग गावात दोन तट पडतात. एक म्हणतो, बायपास झालाच पाहिजे. दुसरा, बहुधा हॉटेलवाल्यांचा आणि दुकानदारांचा, म्हणतो की बायपास झाला की धंदा बसलाच म्हणून समजा. महाराष्ट्रातल्या कितीतरी तालुक्याच्या गावी हा वाद चालू आहे आणि प्रत्येक ठिकाणी तो पहिल्यांदाच उद्भवल्यासारखा घातला जातो. बोरघाटाच्या पायथ्याशी असलेल्या खोपोलीला मात्र मुख्य वाटेने दोनदा बाजूला टाकले आहे. 1863 मध्ये रेल्वेने आणि 2002 मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने. दोन्ही वेळचे परिणाम सारखे झाले नाहीत. ते का, हे कळले तर बायपास हवा की नको याचेही उत्तर बरेचसे मिळते.

खोपोलीला महत्त्व आले ते घाटामुळे. वर चढायचे तर खाली थांबणे भागच होते. मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस होडीने पनवेलला उतरे, तिथून खोपोली गाठी आणि मग घाट चढे. मालाची ने-आण बैलांच्या पाठीवरून होई. नाना फडणविसांनी इथे महादेवाचे देऊळ आणि दगडी बांधणीचा मोठा तलाव उभारला, तो काही नुसत्या पुण्यासाठी नसावा. चढणीआधी माणसांना आणि जनावरांना पाणी लागतेच. 1804 मध्ये जनरल वेलस्लीने तोफा नेण्यासाठी ही वाट सुधारली आणि 10 नोव्हेंबर 1830 रोजी गव्हर्नर जॉन माल्कमने घाटाचा गाडीरस्ता खुला केला. वाट सुधारली, पण खोपोलीचा मुक्काम सुटला नाही. उलट पुढे रेल्वेने तो काही काळ पक्काच केला. 1856 मध्ये आगगाडी खोपोलीपर्यंत आली, 1858 मध्ये वरच्या बाजूला खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली आणि मधला घाट तेवढा राहिला. पाच वर्षे प्रवाशांचा क्रम ठरलेला होता: खोपोलीला उतरायचे, पालखीत, तट्टावर किंवा बैलगाडीत बसून घाट चढायचा आणि खंडाळ्याला दुसरी गाडी पकडायची. भोई, तट्टूवाले, गाडीवान, हमाल या साऱ्यांचे पोट या उतरण्या-चढण्यावर होते.

1863 मध्ये बोरघाटातला लोहमार्ग पुरा झाला. सदतिसास एक अशी चढण, पंचवीसच्या आसपास बोगदे आणि त्यासाठी राबलेले हजारो मजूर, हे त्या काळचे मोठेच काम होते. पण हा मार्ग कर्जतकडून पळसदरीवरून वर चढला आणि कालपर्यंतचे शेवटचे स्टेशन असलेली खोपोली एका फाट्याच्या टोकाला जाऊन पडली. थांबा नाहीसा झाला नाही, त्याची जागा बदलली. घाट चढताना मागून रेटायला जादा इंजिने लागत, म्हणून गाड्या कर्जतला थांबू लागल्या. पुढे तिथल्या फलाटावरच्या दिवाडकरांच्या वड्याचे नाव झाले, तेही या थांब्याच्याच जिवावर. म्हणजे बायपासने धंदा मरतो ही दुकानदारांची भीती खोटी नाही. जो धंदा केवळ थांबणे भाग आहे म्हणून चालतो, तो थांबा गेल्यावर टिकत नाही.

खोपोली सावरली ती पन्नासेक वर्षांनी, तीसुद्धा प्रवाशांच्या जिवावर नाही. टाटांच्या जलविद्युत कंपनीने लोणावळा, वळवण आणि शिरवत्याच्या तलावांत पावसाचे पाणी साठवले, ते पाचशे मीटरहून अधिक उंचीवरून नळांतून खाली सोडले आणि 1915 मध्ये खोपोलीच्या केंद्रातली वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. जी उंची प्रवाशाला थांबायला लावत होती, तीच आता विकता येऊ लागली. पुढे महिंद्रा युजीनचा पोलादाचा आणि झेनिथचा पाइपांचा असे कारखाने आले. म्हणून द्रुतगती मार्ग गावाला वळसा घालून गेला तेव्हा खोपोलीला 1863 सारखा फटका बसला नाही. वाटेवरच्या हॉटेलांचे गिऱ्हाईक घटले असेल, नाही कोण म्हणतो? पण कारखान्यांचा माल, पाळ्यांचे कामगार आणि आसपासच्या गावांचा बाजार हे तिचे स्वतःचे होते. शिवाय द्रुतगती मार्गावर दुचाकी आणि रिक्षांना बंदी असल्याने तो सगळा ओघ जुन्या रस्त्यावरच राहिला.

इथे बायपासवाल्यांनाही एक प्रश्न विचारायला हवा. बायपास झाला की कोंडी सुटते, हे ते गृहीत धरतात. मग घाटाच्या वरचे लोणावळे पाहा. मुंबई-पुण्याची धावती वाहतूक केव्हाच बाहेरून जाऊ लागली, तरी पावसाळ्यातल्या रविवारी भुशी धरणाच्या रस्त्यावर गाड्यांची रांग हलत नाही. कारण त्या गाड्या लोणावळ्यातून जात नसतात, लोणावळ्यालाच आलेल्या असतात. त्यांना कितीही रुंद बायपास दिला तरी त्या गावातच शिरणार. तिथे उपाय वाहनतळाचा, माल उतरवण्याच्या वेळा ठरवण्याचा आणि वेळप्रसंगी गाड्या गावाबाहेरच थांबवण्याचा आहे. कुठल्या रोगावर कुठले औषध हे न पाहता बायपास मागणे म्हणजे नुसता खर्च.

आणखी एक आक्षेप जाणकार घेतात: बायपासही दहा-वीस वर्षांत गावच होऊन बसतो. कडेला ढाबे येतात, मग प्लॉट पडतात, मग शाळा, मग गतिरोधक, आणि पुन्हा नव्या बायपासची मागणी. हा आक्षेप साधार आहे. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याचे नेमके हेच झाले. 94.5 किलोमीटरच्या द्रुतगती मार्गाचे तसे झाले नाही, कारण त्याला दोन्ही बाजूंनी कुंपण आहे आणि ठरावीक ठिकाणांखेरीज आत-बाहेर करता येत नाही. पण त्यावरून बायपास नको असे ठरत नाही. ठरते ते एवढेच की कडेला बांधकाम होऊ देणारा बायपास नको.

तेव्हा नगरपालिकांनी ठराव करण्याआधी एक साधे काम करावे. आठवडाभर, बाजाराचा दिवस धरून, दोन्ही वेशींवर गाड्या मोजाव्यात आणि कुठून आलात, कुठे निघालात एवढे विचारावे. निम्म्याहून जास्त गाड्या नुसत्या जाणाऱ्या निघाल्या तर बायपास जरूर मागावा, पण कुंपणासकट. आणि त्याच ठरावात हेही लिहावे की ज्यांचा धंदा केवळ थांब्यावर आहे, त्या दुकानदारांना नव्या रस्त्याच्या फाट्यावर गाळे कुठे मिळतील.