सावधान

जालना जिल्ह्यांतील जांब हें समर्थ रामदासांचें जन्मग्राम. शके १५३०, म्हणजे इ. स. १६०८ च्या रामनवमीस तेथें नारायण ठोसर यांचा जन्म झाला. बाराव्या वर्षीं बोहल्यावर उभे असतां मंगलाष्टकांतील ‘सावधान’ हा शब्द ऐकून ते पळाले, अशी कथा आहे. कथेंत इतिहास किती तें असो. लग्नोलग्नीं कानांवरून जाणारा तो शब्द एका मुलानें आपल्यालाच उद्देशून आहे असें मानलें, हें विलक्षण खरें. पुढें ‘मनाचे श्लोक’ रचतांना त्यांनीं २०५ श्लोक मनाशीं बोलण्यांत वेंचले, आणि दटावण्यापूर्वीं मनाला सज्जन म्हणून गौरविलें.

१९७९ सालीं अमेरिकेंत जॉन कबात-झिन यांनीं रुग्णांसाठीं सावधानतेचा अभ्यासक्रम आरंभिला. त्याचें मूळ बौद्ध साधनेंत आहे. रामदासांशीं त्याचें नातें ओढूनताणून जोडूं नये. प्रश्न मात्र तोच, भयानें धांवणारें मन आवरावें कसें? स्तनाच्या कर्करोगावरील उपचार आटोपले तरी ‘पुन्हां उद्भवला तर?’ हें भय उरतेंच. कॅनडांतील लिंडा कार्लसन व सहकाऱ्यांनीं अशा २७१ स्त्रियांवरील चांचणी २०१३ सालीं प्रसिद्ध केली. परस्परांपाशीं मन मोकळें करणाऱ्या गटापेक्षां ध्यान करणाऱ्या गटाचा ताण अधिक उतरला. रोग ध्यानानें बरा होतो, असा दावा तींत नव्हता.

या साधनेंत अवधान पायाच्या बोटांपासून हळूहळू वर नेतात. शस्त्रक्रियेच्या व्रणापाशीं आलें कीं तेथेंही तें क्षणभर ठेवावयाचें असतें.