सुतारकाम आणि शाळा

स्वीडनमधील शेतकऱ्यांच्या घरांत लांबलचक हिवाळा रिकामा जात नसे. बर्फानें शेतें झांकलीं कीं बापलेक विस्तवाजवळ बसून चमचे, दांडे, बाकें व पेट्या घडवीत. या घरगुती हस्तकौशल्यास तेथें ‘स्लॉइड’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकांत कारखान्यांचा स्वस्त माल खेड्यापाड्यांत पोंचला आणि बापाकडून मुलाकडे जाणारी ही विद्या लोपूं लागली.

ती सांवरावी म्हणून ऑगस्ट आब्राहमसन या व्यापाऱ्यानें नेस येथील आपल्या जमीनजुमल्यावर १८७२ सालीं मुलांची कामशाळा काढली व तिचा भार भाचा ओट्टो सालोमन याजवर सोंपविला. मुलांनीं हातकाम शिकून चार पैसे मिळवावे, हा प्रारंभींचा हेतु होता. १८७७ सालीं सालोमन फिनलंडांत उनो सिग्नेउस यास भेटला. सिग्नेउसच्या पुरस्कारामुळें तेथील लोकशाळांत मुलांस हस्तकला १८६६ सालींच आवश्यक झाली होती. सुतारकामाच्या द्वारें मुलाचें मन, डोळा व हात यांस वळण लावावें, हा त्याचा विचार सालोमननें स्वीकारला.

मग प्रश्न आला, शिकवावें कोणीं? कसबी सुतारानें कीं शिक्षकानें? सालोमननें कौल शिक्षकास दिला. मात्र त्या शिक्षकास आधीं स्वतः रंधा धरावा लागे. धड्यांचा आरंभ चाकूनें होई. लहानशी टोंकदार काडी तासतांना मूल लांकडाचे तंतु ओळखूं लागे. पुढें करवत, रंधा व पटाशी येई. एका फळीस खांच, दुसरीस तींत बसणारा दांता. सांधा ढिला राहिला तर गुरुजींनीं सांगण्यापूर्वींच मुलास तो दिसे. वस्तु घरच्या उपयोगाची असावी, मुलानें ती एकट्यानें पुरी करावी आणि ती त्याचीच व्हावी, असा दंडक होता. ठराविक नमुन्यांमुळें मुलाच्या कल्पनेस वाव थोडा, हा आक्षेप पुढें आला व तो निराधार नव्हता. तरीहि देशोदेशींचे शिक्षक नेसला येत राहिले.

सालोमन १९०७ सालीं वारला. तीस वर्षांनीं, १९३७ सालीं वर्ध्यास शिक्षणपरिषद भरली आणि झाकिर हुसेन समितीनें मूलोद्योगांत सुतारकामास स्थान दिलें. त्या योजनेंत उद्योगाच्या उत्पन्नांतून हळूहळू शिक्षकांचें वेतन निघावें, अशी अपेक्षा होती. सालोमननें मागें टाकलेला पैशाचा हेतु येथें पुन्हां शाळेंत आला. गरीब देशास तो टाळणें सोपें नव्हतें. परंतु विकाऊ मालाची घाई असलेल्या शाळेस, बिघडलेली फळी बाजूस ठेवून मुलास पुन्हां आरंभ करूं देणें परवडत नाहीं. आणि सांधा जोडण्याची विद्या तर त्या दुसऱ्या फळीवरच येते.