अर्धुकाची कुळकथा

नोट दहा रुपयांची होती आणि तिच्या पाठीला पट्टी होती. पुण्यात नाण्या-नोटांचं प्रदर्शन भरलं होतं, तिथे एका टेबलावर प्लॅस्टिकच्या पाकिटात ती बाकीच्या मालाखाली दबून पडली होती. पातळ कागद, छपाई एकाच बाजूला, मधोमध उभा छेद, आणि मागून जुन्या लखोट्याच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी डिंकाने चिकटवलेली. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यातली, मुंबई सर्कलची. विकणारा पोरगा म्हणाला, "काका, जोडनोट आहे म्हणून या भावात. अखंड असती तर तुम्ही भावसुद्धा विचारला नसता." खरंच होतं ते. घासाघीस न करता घेतली. घरी येऊन भिंगाखाली धरली, तर डाव्या तुकड्यावरचा नंबर सातावर संपत होता आणि उजव्यावरचा आठावर.

म्हणजे एक नोट म्हणून मी दोन नोटांची अर्धुकं घेऊन आलो होतो. रात्रभर चरफडलो. सकाळी चहा घेताना डोक्यात आलं की ज्याने ही पट्टी लावली त्याच्यासमोर नोटांची चळत असणार. डावे तुकडे एका गठ्ठ्यात, उजवे दुसऱ्यात. जोडता जोडता एक तुकडा सरकला आणि साताला आठ चिकटला. या नोटेला जुळी बहीण असलीच पाहिजे, डावा आठ आणि उजवा सात. तेव्हापासून या अर्धुकांनी मला जे झपाटलंय, त्यातून घरचे लोकही सुटलेले नाहीत.

नोटा कापायच्या कशासाठी? टपालाने पाठवण्यासाठी. चांदीच्या रुपयाचं वजन एक तोळा. हजार रुपये पाठवायचे तर हजार तोळ्यांचा ऐवज, ऐंशी तोळ्यांचा पक्का शेर धरला तर साडेबारा शेर. सोबत बैलगाडी आणि भालेवाला. उलट १८५४ पासून अर्ध्या आण्याच्या तिकिटावर पाव तोळ्याचं पत्र हिंदुस्थानात कुठेही जात होतं. नोटांचे दोन तुकडे करायचे, डावे आजच्या टपालाने धाडायचे, पोचल्याचं उत्तर आलं की उजवे धाडायचे. वाटेत थैली लुटली गेली तरी चोराच्या हाती निम्मा कागद, आणि निम्म्या कागदावर करन्सी ऑफिस त्याला दमडी देत नसे.

ही युक्ती आपल्याकडची नाही, इंग्लंडातून आली. अठराव्या शतकात तिथे टपाल नेणारा पोऱ्या घोड्यावरून एकटा जायचा आणि वाटेत लुटला जायचा. १७८४ साली जॉन पामरने ब्रिस्टल ते लंडन शस्त्रधारी रखवालदारासह टपालगाडी सुरू केली ती याच त्रासामुळे. बँक ऑफ इंग्लंडच्या नोटा कापून पाठवायची सवय त्या काळात व्यापाऱ्यांना लागली आणि गाड्या आल्यावरही सुटली नाही.

आपल्याकडे सरकारी नोट आली १८६१ च्या कायद्याने, चलनात १८६२ च्या मार्चपासून. कल्पना जेम्स विल्सनची, पण तो त्याआधीच कलकत्त्यात वारला होता. पहिल्या नोटांवर राणीचं चित्र होतं. खोट्या नोटांचा सुळसुळाट झाला तशी १८६७ पासून चित्राची नोट मागे घेऊन रंगीत नक्षीच्या पार्श्वभूमीची नवी नोट काढली. एवढं सगळीकडे छापून आलेलं असतं. सर्कलची गोष्ट मात्र प्रदर्शनात येणाऱ्यांनाही नीट ठाऊक नसते, आणि माझं सगळं घोडं तिथेच पेंड खातं.

तेव्हाची नोट देशभर चालत नसे. कलकत्ता, मद्रास, मुंबई अशी सर्कलं पाडलेली होती, आणि त्यांच्या पोटात लहान सर्कलं. मुंबईच्या पोटात कराची आणि, आश्चर्य वाटेल, आपलं अकोला. (अकोल्याचा मान वऱ्हाडातल्या कापसामुळे, असं मी धरून चालतो. हंगामात तिथे जितका पैसा ओतावा लागे तितका आसपास कुठे लागत असेल?) नोट आपल्या सर्कलमध्ये कायदेशीर, बाहेर सराफाच्या मर्जीवर, आणि सराफ बट्टा कापणारच. मग व्यापारी काय करील? मुंबईला देणं असेल तर मुंबईची नोट मिळवायची आणि मुंबईला धाडायची. परमुलखातली नोट माहेरी पाठवायला टपालासारखी स्वस्त सोय नव्हती. सर्कलची पद्धत नसती तर आपल्याकडे एवढ्या नोटा कापल्या गेल्या नसत्या, असं माझं ठाम मत आहे. कापाकापी ओसरली तीही सर्कलं मोडत गेली तशीच. पाचाची नोट १९०३ मध्ये ब्रह्मदेश वगळता सगळीकडे चालू लागली, दहा आणि पन्नासाची १९१० मध्ये, शंभराची १९११ मध्ये. टपालखात्यातले लोक म्हणतील की श्रेय मनीऑर्डरचं, ती १८८० पासून टपालाकडे आली. लहान रकमांपुरतं मान्य. पेढीवाला हजाराची मनीऑर्डर करत बसत नव्हता.

आणि पेढीवाल्यांना यात नवं काहीच वाटलं नसणार. हुंडी वाटेत हरवली तर तिची दुसरी प्रत काढत, तिला पेठ म्हणत. पेठही हरवली तर परपेठ. कागद गेला तरी पैसा जाता कामा नये, यासाठी या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या डोकं चालवलं होतं. हुंडीत एका रकमेचे दोन-तीन कागद होत, आता एका कागदाचे दोन तुकडे झाले.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. खिशातली कुठलीही नोट काढा, दहाची चालेल. नंबर दोन जागी आहे, वर डावीकडे आणि खाली उजवीकडे. एकच नंबर दोनदा का? मी म्हणतो, कापण्यासाठी. नोट मधोमध उभी कापली की दोन्ही तुकड्यांवर नंबर राहतो, म्हणून तर पलीकडच्या गावातला कारकून डाव्याला उजवा जुळवू शकतो. नंबर एकाच जागी असता तर एक तुकडा मुका झाला असता.

माझा एक मित्र आयुष्यभर बँकेत रोखपाल होता. तो हे ऐकून हसतो. त्याचं म्हणणं, दोन नंबर हे खोटी नोट छापणाऱ्यासाठी. त्याला दोनदा जुळवाजुळव करावी लागते, आणि आळशी बदमाश तिथेच सापडतो. शिवाय फाटक्या नोटेचा एक नंबर गेला तरी दुसरा वाचता येतो. फाटक्या नोटेचा मुद्दा तर माझ्याच बाजूचा आहे, तो त्याला विरुद्ध का वाटतो कळत नाही. खोट्या नोटांचा मुद्दा वजनदार वाटतो खरा, पण १८६७ मध्ये खोट्या नोटांवर तोडगा काढायची वेळ आली तेव्हा सरकारने रंगीत नक्षी आणली. आणि फक्त बदमाशाला दमवायचं होतं तर दोन्ही नंबर एका ओळीत शेजारी शेजारी छापले असते तरी चाललं असतं. ते नेमके छेदाच्या दोन बाजूंना का?

वंशावळही माझ्या बाजूने साक्ष देते. बँक ऑफ इंग्लंडच्या नोटांवर नंबर आधी कारकून हाताने घालत. जोसेफ ब्रामाने त्यासाठी यंत्र केलं आणि १८०९ च्या सुमारास नंबर छापला जाऊ लागला. त्या पांढऱ्या नोटांवर तो डावीकडे आणि उजवीकडे असा दोनदा यायचा, आणि त्याच नोटा लोक कापून टपालात टाकत. हिंदुस्थान सरकारच्या नोटा १९२८ पर्यंत छापत होती तीच बँक ऑफ इंग्लंड. त्या वर्षी नाशिकचा छापखाना सुरू झाला आणि लंडनची सवय नाशिक रोडला उतरली. तोवर नोटा कापणं थांबलं होतं. नंबर मात्र दोनच राहिले.

मित्राला गप्प करायला मी एक रुपयाची नोट दाखवतो. ही रिझर्व्ह बँकेची नाही, भारत सरकारची, वित्त सचिवाच्या सहीची. तिच्यावर नंबर एकदाच आहे, खाली उजवीकडे. एक रुपया कापून टपालाने पाठवायची वेळ कोणावर येणार? मित्र म्हणतो, ती कायद्याने नाणं आहे आणि नाण्याला नंबर लागत नाही, एक घातला तेच पुष्कळ. तो हे म्हणतो तेव्हा मी पानाचा डबा पुढे करतो.

नंबराचा विषय निघालाय तर नंबरी या शब्दाचंही बघून टाकू. हिंदीत शंभराच्या नोटेला नंबरी नोट म्हणायची जुनी रीत आहे, आणि मराठीत नंबरी माणूस म्हणजे पक्का, बनेल, वेळ पडली तर तुम्हाला विकून येईल असा. या शब्दाचे दोन बाप सांगतात. एक म्हणजे पोलीस ठाण्याची वही: दहा नंबरच्या वहीत नामचीन बदमाशांची नोंद, म्हणून दस नंबरी, आणि पुढे नुसता नंबरी. दुसरा सोनाराचा: शंभर नंबरी सोनं म्हणजे अस्सल, म्हणून शंभराची नोट नंबरी. सोनाराचं मला पटत नाही. नंबर तर प्रत्येक नोटेवर असतो, मग मोठ्या नोटेलाच नंबरी का म्हणावं? कारण मोठ्या नोटेचा नंबर वहीत चढत होता. सरकारने नोटांची नोंद ठेवायची पद्धत पहिल्यापासून लावली होती, आणि पेढीवाला नोटा कापण्याआधी नंबर उतरवून घेणार हे उघड आहे, नाहीतर हरवलेला तुकडा मागणार कशाच्या जोरावर? नंबरी नोट म्हणजे जिचा नंबर कुठेतरी लिहिलेला आहे ती. नंबरी माणूसही तसाच, ज्याचं नाव कुठेतरी लिहिलेलं आहे तो. ठाण्याची वही आणि पेढीची वही, शब्द दोन्हीकडे एकाच कारणाने चिकटला असा माझा तर्क आहे, आणि याहून बरा कोणी अजून मला ऐकवलेला नाही.

अर्धुकं गेली तरी कायद्यात त्यांची हाडं सापडतात. रिझर्व्ह बँकेच्या २००९ च्या नोट परतावा नियमांत सुरुवातीच्या व्याख्यांमध्ये एक व्याख्या आहे: एका नोटेचा अर्धा तुकडा दुसऱ्या नोटेच्या अर्ध्या तुकड्याला जोडून झालेली नोट. इंग्रजी शब्दाचा अर्थ बेजोड, न जुळणारी. वाचताना मी खुर्चीतून उठलो. माझीच नोट होती ती! आज कोण शहाणा दोन नोटा अर्ध्या कापून उलटसुलट जोडतो? चलाख लोक जोडत असतील, मान्य. पण नियमाला हा शब्द सुचला तो करन्सी ऑफिसच्या खिडकीवर चुकून जुळलेल्या चळती येत होत्या म्हणून, असं मला वाटतं.

त्याच नियमांत आता पन्नास आणि त्यावरच्या नोटेचा सलग मोठा तुकडा ८० टक्क्यांहून जास्त असेल तर पूर्ण पैसे, ४० ते ८० टक्के असेल तर निम्मे. म्हणजे हल्ली अर्धुकाला निम्मी किंमत आली. तेव्हा ती शून्य होती, आणि युक्तीचा सगळा जीव त्या शून्यात होता. हेही सौजन्य म्हणून. रिझर्व्ह बँकेच्या कायद्याच्या २८ व्या कलमाने फाटक्या किंवा हरवलेल्या नोटेचे पैसे कोणालाही हक्काने मागता येत नाहीत.

अर्धुकाचा एक वारस मात्र जिवंत आहे, आणि तो मुंबईत राहतो. हवाल्याच्या व्यवहारात पैसे घ्यायला येणाऱ्याची ओळख कशी पटवतात? दहाच्या एखाद्या नोटेचा नंबर आधी फोनवर कळवलेला असतो. येणारा तीच नोट दाखवतो, नंबर जुळला की रक्कम हवाली. जुन्या हिंदी सिनेमात नंबराऐवजी फाडलेली नोट असे, निम्मी याच्याकडे, निम्मी त्याच्याकडे, समुद्रकिनारी दोन्ही जुळवून पेटी द्यायची. लोक म्हणतात, खुणेची वस्तू तोडून वाटून घेणं जगभर आहे, त्यात टपालाचा काय संबंध? अंगठी मोडून दोघांत वाटल्याच्या गोष्टी आहेतच. पण अंगठीला नंबर नसतो. दोन गावं, दोन पेढ्या, आणि पैसे देण्याआधी नोटेचा नंबर जुळवणारा गादीवरचा मुनीम, हे चित्र १८७० च्या मुंबईतलं आहे. फरक एवढाच की तेव्हा जुळवल्यावर नोट वटत होती, आता नोट दहाचीच राहते आणि भलताच आकडा वटतो.

संग्राहकांना यातलं काही सांगायला गेलं की ते माझ्याकडे जरा दयेने बघतात. त्यांना कोरी करकरीत नोट हवी, नाहीतर नंबर ७८६, नाहीतर नंबरात तारा असलेली, जी छपाईत खराब झालेल्या नोटेच्या जागी घालतात. नंबराचं वेड त्यांनाही आहेच, फक्त एकाच नंबराचं. जोडनोट त्यांच्या लेखी डागी माल.

माझ्या हिशेबाने तिची वाचण्याची शक्यताच जास्त होती. नीट जुळलेल्या जोड्या करन्सी ऑफिसात गेल्या, पैसे देऊन रद्द झाल्या, संपल्या. सात-आठाची जोडी खिडकीवरून परत आली असणार, कुणीतरी वैतागून ती वहीत खोचून ठेवली असणार, म्हणून ती माझ्यापर्यंत पोचली. मग तिची बहीणही त्याच वहीत असायला हवी.

प्रत्येक प्रदर्शनात मी त्या पोराच्या टेबलावर जातो. गेल्या वेळी मला लांबून बघूनच त्याने मान हलवली. मग शेजारच्या टेबलावरच्याला म्हणाला, "काकांना डावा आठ पाहिजे. उजवा सात. पट्टीवाला. आला तर बाजूला ठेव, आणि भाव नीट सांग, ते घासाघीस करत नाहीत."