समुद्रातील प्लास्टिक आणि आपल्या ताटातील मासे

समुद्रात गेलेले प्लास्टिक कुजत नाही. ऊन आणि लाटांमुळे त्याचे बारीक तुकडे होतात. ५ मिलिमीटरपेक्षा लहान कणांना मायक्रोप्लास्टिक म्हणतात. हे कण मासे आणि शिंपल्यांच्या पोटात जातात. म्हणूनच अनेक रुग्ण विचारतात, "डॉक्टर, मासे खायचे की सोडायचे?"

शरीरावर काय परिणाम होतो?
मानवी रक्तात आणि नाळेतही हे कण आढळले आहेत. २०२४ मध्ये इटलीत मानेच्या रक्तवाहिनीची शस्त्रक्रिया झालेल्या २५७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यापैकी १५० जणांच्या रक्तवाहिनीतील चरबीच्या थरात प्लास्टिक सापडले. पुढील सुमारे तीन वर्षांत या रुग्णांमध्ये हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यूचा धोका सुमारे साडेचार पट आढळला. मात्र प्लास्टिकमुळेच हे घडले, असे यावरून सिद्ध होत नाही.

मासे बंद करावेत का?
नाही. बांगडा, तारली यांतून प्रथिने आणि ओमेगा-३ मिळते. शिवाय प्लास्टिकचे कण पाणी, मीठ आणि हवेतूनही शरीरात जातात. फक्त मासे सोडून ते टळत नाहीत.

घरी काय काळजी घ्याल?
• माशांच्या पोटात हे कण जास्त असतात. म्हणून आतडी काढून मासे नीट धुवा.
• तिसऱ्या, कालवे, सुकट, जवळा हे पोटासकट खाल्ले जातात. ते रोज न खाता अधूनमधून खा.
• गरम आमटी, चहा प्लास्टिकच्या डब्यात किंवा पिशवीत घेऊ नका. मायक्रोवेव्हमध्ये काचेचे किंवा चिनी मातीचे भांडे वापरा.
• पाण्यासाठी स्टील किंवा तांब्याचे भांडे वापरा.

तपासणी करावी का?
सध्या गरज नाही. रक्तातील प्लास्टिक मोजून उपचार ठरवता येत नाहीत. "शरीरातील प्लास्टिक बाहेर काढणारे" काढे किंवा गोळ्या यांवर पैसे खर्च करू नका.

डॉक्टरांकडे कधी जावे?
छातीत दुखणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलताना जीभ अडखळणे, असे काही झाल्यास घरी वाट न पाहता ताबडतोब रुग्णालयात जा. हृदयाला जपायचे तर रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवणे व तंबाखू सोडणे हेच आजही सर्वांत महत्त्वाचे. प्लास्टिकच्या भीतीने चालू औषधे किंवा पथ्य स्वतःहून बदलू नका.