असुराची रात्र

कुंभकोणम्‌हून मायावरमकडे जाणाऱ्या रस्त्यावर पाचएक मैलांवर त्रिभुवनम् हे रेशमी लुगड्यांसाठी नावाजलेले गाव आहे. तेथील कंपहरेश्वराचे भव्य मंदिर तिसरा कुलोत्तुंग चोळ (११७८–१२१८) याने उभारले. या मंदिरात शरभेश्वराचे स्वतंत्र देवघर आहे. पक्षी, सिंह आणि मनुष्य यांचे मिश्रण असलेले हे शिवाचे रूप. हिरण्यकशिपूचे रक्त प्राशन केल्यावर नृसिंहाचा क्रोध शमेना, तेव्हा त्याला आवरण्यासाठी शिवाने ते धारण केले, अशी शैवांची कथा. वैष्णवांना ही कथा अर्थातच मान्य नाही. आणि शारंगपाणी व चक्रपाणी यांच्या कुंभकोणम् नगरीत वैष्णवांचे वजन काही थोडे नव्हे. तरीही रविवारी राहुकाळी, म्हणजे साडेचार ते सहा या उतरत्या प्रहरी, शरभेश्वरापुढे गर्दी लोटते.

या कथेत एक गोष्ट विचार करायला लावणारी आहे. रक्ताची तहान येथे असुराला लागत नाही, ती देवाला लागते. ज्याचे रक्त सांडले तो असुर मात्र याच मुलखात वर्षातील एका रात्रीचा अनभिषिक्त राजा होऊन बसला आहे.

ती रात्र वैशाख शुद्ध चतुर्दशीची, नृसिंहजयंतीची. कुंभकोणम् आणि तंजावर यांच्या परिसरात मेलट्टूर, शालियमंगलम्, शूलमंगलम्, ऊत्तुकाडु, नल्लूर, तेप्पेरुमानल्लूर ही गावे भागवतमेळ्याची म्हणून ओळखली जातात. काही ठिकाणी ही परंपरा खंडित झाली. मेलट्टूरला ती नांदती आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात अच्युतप्प नायकाने तेलुगू ब्राह्मण कुटुंबांना येथे घर, विहीर आणि जमीन देऊन वसविले. कुटुंबे पाचशे दहा होती, असे परंपरा सांगते. पुढे १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजे भोसल्यांच्या हाती तंजावर आले आणि १८५५ पर्यंत ते मराठ्यांकडे राहिले. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे (१६८४–१७१२) यांनी स्वतः तेलुगूत आणि मराठीत नाटके रचली. कुंभकोणम्‌जवळचे तिरुविशनल्लूर हे गाव त्यांनी १६९३ मध्ये शेहेचाळीस पंडितांना इनाम दिले, आणि त्याचे नाव शहाजीराजपुरम् झाले. सांगलीस विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ केले, त्याच्या सव्वाशेहून अधिक वर्षे आधी कावेरीकाठी मराठी नाटके लिहिली जात होती. तमिळ गाव, तेलुगू पदे आणि मराठी राजा! प्रांतरचनेच्या वादांत वाढलेल्या आपल्या पिढ्यांना हे जरा चमत्कारिकच वाटेल.

मेलट्टूरच्या व्यंकटराम शास्त्र्यांनी या मेळ्यासाठी जी नाटके रचली, त्यांत ‘प्रह्लादचरित्र’ सर्वांत गाजले. नाव प्रह्लादाचे असले, तरी रात्र हिरण्यकशिपूची. प्रथम कोणंगी हा विदूषक येतो, मग मुखवटा धारण केलेला बालगणपती. आणि यथावकाश दैत्यराज आपल्या प्रवेशाचे पद घेऊन अवतरतो. सर्व भूमिका पुरुषच करतात. लीलावती ही प्रह्लादाची आई. तिचा शोक ऐकताना स्त्रीपुरुष सारखेच डोळे टिपतात. परंतु त्या शोकाचे कारण जो बाप, त्याच्यावरून प्रेक्षकांची नजर हलत नाही. याचे कारण काय असावे?

ते समजून घ्यावयाचे, तर याच विषयावरील दुसऱ्या एका रचनेकडे पाहावे. शास्त्र्यांचे समकालीन त्यागराज (१७६७–१८४७) यांनी ‘प्रह्लादभक्तिविजयम्’ हे गेय नाटक लिहिले. ते सुरू होते तेव्हा प्रह्लाद नागपाशांनी बांधलेला, समुद्रात लोटलेला आहे. समुद्रराज त्याला वंदन करतो, नारद येतात, शेवटी हरीचे दर्शन होते. हिरण्यकशिपू मात्र रंगभूमीवर येतच नाही. भक्ताच्या विजयात शत्रूचे तोंड कशाला पाहावे, असा भाव असावा. त्यागराजांची ही पदे आजही मैफलीत गाईली जातात. परंतु गाव रात्रभर जागते ते शास्त्र्यांच्या नाटकासाठी. त्यागराज किती मोठे होते हे सांगावयास नकोच. तथापि रंगभूमीचे मर्म या बाबतीत शास्त्र्यांना अधिक कळले होते, असे मला वाटते.

हिरण्यकशिपूचे वरदान पाहा. दिवसा नाही, रात्री नाही. घरात नाही, बाहेर नाही. माणसाकडून नाही, पशूकडून नाही. ज्याला मरण जवळजवळ नाही, त्याच्या बोलण्यात एक ऐट असते. त्या मरणाच्या वाटेत एवढी एकच फट आहे, हे प्रेक्षकाला ठाऊक असते आणि त्याला ठाऊक नसते. तो जितका गर्जतो, तितकी आपल्याला त्याची कीव येते. शिवाय तो मुळात वैकुंठाचा द्वारपाल. सनकादिकांच्या शापाने खाली आलेला. देवाचे दार राखणाऱ्याला अखेर उंबरठ्यावरच मरण यावे, ही योजना कोणा एका कवीच्या बुद्धीतून निघाली असेल असे वाटत नाही.

पश्चिमेचे रक्तपिपासू पिशाच याच घराण्यातले दिसते. बायरनचा वैद्य पॉलिडोरी याने १८१९ मध्ये, म्हणजे त्यागराजांच्या हयातीतच, लॉर्ड रुथव्हेन हा उमराव पिशाच रंगविला; तोवर लोककथांतले पिशाच म्हणजे थडग्यातून उठलेले ओंगळ प्रेत असे. स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ने (१८९७) त्याला कडक नियम घालून दिले: घरच्या माणसाने बोलाविल्याखेरीज उंबरठा ओलांडावयाचा नाही, रात्रीच पूर्ण सामर्थ्य. पुन्हा उंबरठा, पुन्हा तिन्हीसांजा! अमेरिकेत ‘डार्क शॅडोज’ या दूरचित्रवाणीवरील दैनिक मालिकेत (१९६६–१९७१) बार्नबस कॉलिन्स हे पिशाच १९६७ मध्ये आणले गेले ते थोड्या दिवसांपुरतेच, पुढे त्याला मारून टाकण्याच्या बेताने. प्रेक्षकांनी त्याला असे डोक्यावर घेतले की तोच मालिकेचा नायक झाला. मग त्याला भूतकाळ दिला गेला, तो एका चेटकिणीच्या शापाचा. शाप मिळताच राक्षसाचा माणूस होतो, ही युक्ती आपल्या पुराणकारांना फार पूर्वी साधली होती. योगायोग असा की त्याच १९६७ साली मद्रासच्या ए. व्ही. एम. संस्थेचा ‘भक्त प्रह्लाद’ हा तेलुगू चित्रपट झळकला. त्यातील एस. व्ही. रंगारावांचा हिरण्यकशिपू ज्यांनी पाहिला, त्यांना त्या चित्रपटातल्या विष्णूचा नट कोण, हे चटकन सांगता येईल का, याची मला शंका आहे.

आपल्याकडेही निराळे काय होते? भाव्यांच्या परंपरेतील नाटकांत राक्षस ‘अललऽ डुर्रऽ’ करीत येत. सुशिक्षितांनी त्या आरोळीची इतकी थट्टा केली की तशा नाटकांचे नावच ‘अललडुर्र’ पडले. परंतु सामान्य प्रेक्षक त्या आरोळीची वाट पाहत बसत. कोकणातल्या दशावतारात वेद चोरणारा संकासुर काळ्या वेषात येऊन थेट लोकांशी मालवणीत थट्टामस्करी करतो. विष्णूच्या हातून त्याला मरावयाचे असते, ते तो मरतो. पण पोरे घरी जाताना नक्कल करतात ती संकासुराची.

यावरून लोकांची रुची बिघडली आहे असा निष्कर्ष काढणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. मेलट्टूरकडे पाहता तो पटत नाही. तेथे असुराला जी मोकळीक आहे, तिच्याभोवती पक्के कुंपण आहे. नृसिंहाचा मुखवटा वर्षभर देवळात पूजिला जातो. तो धारण करणारा नट त्या दिवशी उपास करतो. मुखवटा चढल्यावर त्याच्या अंगात संचार होतो, म्हणून त्याला धरून ठेवण्यास माणसे उभी असतात. आवरावे लागते ते देवाला; दैत्य आपले पद संपेपर्यंत गात राहतो. त्रिभुवनमच्या शरभाची कथा आणि मेलट्टूरच्या रस्त्यावरचा हा प्रकार यांत मला तरी एकच जाण दिसते: भीती वाटावी ती कोपलेल्या सामर्थ्याची, मग ते कोणत्याही बाजूचे असो, आणि ज्याचे मरण ठरून गेले आहे त्याच्यावर एक रात्र जीव लावण्यास हरकत नाही. दूरचित्रवाणीच्या मालिकेची अडचण निराळी आहे. तिला पहाट परवडत नाही. लोकांना आवडलेले पिशाच मारले तर उद्या दाखवावयाचे काय? म्हणून त्याचा मृत्यू लांबत जातो, आणि मृत्यू लांबला की त्याची ऐटही हळूहळू पोकळ होते.

मेलट्टूरला पहाट ठरलेली असते. उजाडता उजाडता दोघे समोरासमोर येतात, सवालजबाब होतात, आणि पुढे मुखवटा परत देवळात जातो. या नटांपैकी पुष्कळजण आज पोटापाण्यासाठी दूरच्या शहरांतून राहतात. कोणी बँकेत, कोणी कचेरीत. आपल्यापैकी अनेकजण गणपतीला जशी रजा राखून ठेवतात, तशी ते नृसिंहजयंतीला ठेवतात. दैत्यराज गावी येतो, रात्रभर त्रैलोक्य हादरवितो, आणि रजा संपण्यापूर्वी कामावर रुजू होण्यासाठी गाडी पकडतो.