सेर्जी-पोंतवाझ : नियोजित नगर आणि रोमेरचा चित्रपट

एरिक रोमेर या फ्रेंच दिग्दर्शकाचा ‘लामी द मोनामी’, म्हणजे ‘मैत्रिणीचा मित्र’, हा 1987 सालचा चित्रपट दोन मैत्रिणी आणि दोन तरुण यांच्यातील बदलत्या ओढीची हलकीफुलकी कथा म्हणून ओळखला जातो. परंतु ही कथा पॅरिसच्या वायव्येस वसवलेल्या सेर्जी-पोंतवाझ या नव्या नगरात घडते, आणि त्या नगराचा इतिहास ध्यानात घेतल्यावाचून तिचे मर्म पुरते उलगडत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर पॅरिसची लोकसंख्या झपाट्याने वाढली, उपनगरे आखणीवाचून पसरत गेली, आणि या विस्ताराला वळण लावण्यासाठी 1965 मध्ये पॉल देलूव्रिए यांच्या नेतृत्वाखाली पॅरिस प्रदेशाचा विकास आराखडा प्रसिद्ध झाला. त्यात ‘विल नुव्हेल’ म्हणजे नव्या नगरांची कल्पना मांडलेली होती : ही नगरे केवळ झोपण्यापुरत्या वसाहती न राहता तेथे रोजगार, शिक्षण, प्रशासन आणि करमणूक या साऱ्यांची सोय असावी, असा त्यामागील विचार होता. प्रत्यक्षात अशी पाच नगरे उभी राहिली आणि सेर्जी-पोंतवाझ हे त्यांतील एक. पोंतवाझ हे टेकडीवरचे जुने गाव चित्रकार कामीय पिसारोच्या दीर्घ वास्तव्यामुळे कलेच्या इतिहासात आधीच नोंदले गेले होते. नवे नगर मात्र त्याच्या शेजारी, वाझ नदीच्या विशाल वळणाभोवतीच्या शेतजमिनींवर आखले गेले.

1969 मध्ये जमीन संपादन करून ती विकसित करणारी सार्वजनिक संस्था स्थापन झाली आणि अभियंता बेर्नार हिर्श यांनी तिची धुरा सांभाळली. वस्तीच्या आधी राज्यसंस्था आली, ही या नगराची विलक्षण बाब होय. आंरी बेर्नार यांनी रचलेली, उलट्या पिरॅमिडच्या आकाराची जिल्हा प्रशासनाची इमारत 1970 मध्ये मोकळ्या शेतांमध्ये उभी राहिली, आणि कचेरीपाठोपाठ घरे, दुकाने व शाळा आल्या. पॅरिसशी जोडणारी रेल्वे 1979 मध्ये पोहोचली. तोवर पहिल्या रहिवाशांनी चिखल, यारी आणि अर्धवट रस्ते यांच्या संगतीत काढलेली वर्षे आराखड्याच्या नकाशात कोठेही दिसत नाहीत.

रोमेरचे या नगराकडे लक्ष गेले ते कथेच्या शोधात नव्हे. 1975 मध्ये त्याने दूरचित्रवाणीसाठी नव्या नगरांवर माहितीपटांची मालिका केली आणि तिच्यातील एक भाग, ‘एका नगराचे बालपण’ अशा आशयाच्या शीर्षकाचा, सेर्जी-पोंतवाझलाच वाहिलेला होता. माणसे कोठे राहतील, कोणत्या वाटेने चालतील, कोठे एकमेकांना भेटतील, हे तेव्हा नियोजनकारांचे प्रश्न होते. बारा वर्षांनी केलेला कथापट हे त्या प्रश्नांचे सर्वांत गंभीर उत्तर आहे, असे म्हणण्यास जागा आहे.

चित्रपटातील ब्लांश नगर प्रशासनाच्या सांस्कृतिक विभागात नोकरी करते आणि स्पॅनिश वास्तुशिल्पी रिकार्दो बोफिल याने नुकत्याच बांधलेल्या, अर्धवर्तुळाकार, स्तंभांनी सजलेल्या भव्य वसाहतीत एकटी राहते. लेआ या दुसऱ्या तरुणीशी तिची ओळख होते ती भोजनगृहात, आणि मैत्री जुळते ती पोहण्याच्या निमित्ताने. ब्लांशचे मन आलेक्सांद्र या देखण्या अभियंत्यावर जडते, पण त्याच्यासमोर तिला शब्द सुचत नाहीत. लेआ सुट्टीवर जाते तेव्हा तिचा मित्र फाबियँ आणि ब्लांश यांच्यात जवळीक वाढते. आणि अखेरीस लेआ व आलेक्सांद्र एकत्र येतात. या अदलाबदलीत नगराचा वाटा मोठा आहे. येथे कोणाचे बालपण गेलेले नाही, कुळांची ओळख नाही, जुने हाडवैर नाही. सारे नोकरी-शिक्षणासाठी आलेले तरुण आहेत आणि केंद्र इतके आटोपशीर आहे की चौकात, दुकानापाशी, तळ्याकाठी तीच चार माणसे पुनःपुन्हा समोर येतात. म्हणून येथील योगायोग बेतलेला वाटत नाही. वाळू-खडी काढल्याने पडलेल्या खाणींत पाणी साठून झालेली आणि पुढे विहारस्थळ म्हणून विकसित केलेली तळी ही तर कथेची खरी रंगभूमी होय, आणि शेवटचा गैरसमज, ज्यात दोघी मैत्रिणी वेगवेगळ्या पुरुषांविषयी बोलत असूनही एकमेकींच्या शब्दांनी घायाळ होतात, तोही पाण्याच्या सान्निध्यातच मिटतो.

या चित्रणाला मर्यादा आहे आणि ती नोंदवणे आवश्यक आहे : रोमेरचे नगर प्रामुख्याने सुशिक्षित, पगारदार, मोकळ्या वेळेच्या तरुणांचे आहे. 1970च्या दशकापासून सेर्जीत राहणाऱ्या आणि 2022 मध्ये नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या लेखिका आनी एर्नो यांनी 1993 मध्ये प्रसिद्ध केलेल्या नोंदवहीत याच नगरातील आगगाडीचे डबे, बाजारसंकुले आणि तेथील अनोळखी माणसांचे उद्गार टिपले. 1988 मध्ये उपनगरी जलदगाडीचे जाळे येथवर आले, नगर पॅरिसच्या दैनंदिन वर्दळीशी घट्ट बांधले गेले, आणि एर्नो यांच्या लेखनात भेटते ती मुख्यतः ही प्रवासी गर्दी, जिच्यातील माणसे एकमेकांची नावे जाणत नाहीत.